टीव्ही बंद करा, गायला आलोय

(वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं आटोपशीर केलं आहे.)

आत्ता माझी ओळख करून देताना ताईंनी मला ‘गायिका’ म्हटलं. ते आधी दुरुस्त करते. मी गायिका नाही. मोर्चात घोषणा देऊन देऊन बसलेला हा आवाज आहे. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ आलं, ते पाहून आमच्यातल्या कितीतरी जणी रस्त्यावर उभं राहून गायला लागल्या, त्यातली मी एक. सूर सापडला तर सापडला. तेव्हा गाण्याबद्दल मी जे काही सांगणार आहे, ते गाणं येणाऱ्या बाईचं सांगणं नाही. एका खोलीत बसून जे पाहिलं, ते सांगते.

२०१६ पासून आम्ही चौघीजणी दर दुसऱ्या गुरुवारी दुपारी चार वाजता एका वृद्धाश्रमात गायला जातो. एक निवृत्त शिक्षिका, एक बँकेतून निवृत्त झालेली, एक पोळ्यांची कामं करणारी आणि मी. आश्रमाचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांच्याबद्दल थोडं वाकडंही बोलायचं आहे.

खरं तर मी तिथे गायला म्हणून गेलेच नव्हते. सासूबाईंना ठेवायला गेले होते. ‘ठेवायला’ हा शब्दच पाहा ना. बँकेत दागिने ठेवतात तसं. त्या आधी सहा वर्षं मी त्यांचं घरी केलं होतं. त्यांचा विसराळूपणा वाढत गेला, मग रात्री उठून दार उघडून बाहेर जाणं, मग अंगावरचे कपडे काढून टाकणं. माझा नवरा चांगला माणूस आहे, आईवर त्याचा जीव होता. त्याचं वाक्य ठरलेलं होतं, ‘तू आईचं बघ, मी बाकीचं बघतो.’ बाकीचं म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत हे घराघरातलं चित्र आकड्यात दिसतं. बिनपगारी घरकाम करणारी बाई त्याला दिवसाची २८९ मिनिटं देते आणि पुरुष ८८. आणि दुसरा आकडा त्याहून आपल्या जवळचा आहे. आपल्या देशात साठीच्या पुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. म्हणजे करणारी बाई आणि जिचं करायचं तीही बहुतेक वेळा बाईच. आम्हा दोघींचं आयुष्यभर कधी पटलं नव्हतं, आणि शेवटी एका खोलीत आम्ही दोघीच उरलो होतो.

तर त्यांना मी तिथे ठेवलं. जागा स्वच्छ होती. मोठ्या हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून ओळीने खुर्च्या, आणि समोर टीव्ही. सकाळी सातला लागायचा तो रात्री दहाला बंद व्हायचा. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली कायदा झाला. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय, आणि तिथल्या सोयींचे निकष ठरवताना वैद्यकीय उपचारांच्या जोडीला करमणुकीच्या साधनांचाही उल्लेख आहे. आमचा आश्रम खासगी होता, पण करमणुकीचं साधन म्हणजे काय याची समजूत सगळीकडे एकच. टीव्ही. त्याच्यावर सासू-सुनांच्या मालिका चालायच्या. सासूबाईंना त्या बायका पडद्यात आहेत हे कळायचं नाही. त्या उठून हात जोडायच्या, ‘भांडू नका गं, बायांनो, भांडू नका.’ आणि रडायच्या. सगळे हसायचे. पहिल्यांदा मीही हसले होते.

महिन्याभराने शिक्षिका मैत्रीण आणि पोळ्या करणारी मैत्रीण माझ्याबरोबर त्यांना भेटायला आल्या. सासूबाई खुर्चीत बसून उजवा हात गोल गोल फिरवत होत्या. तिथल्या मावशी म्हणाल्या, ‘दिवसभर हेच चालतं बघा. डॉक्टरांनी गोळी दिलीय.’ मीही ते आजाराचंच लक्षण धरून चालले होते. माझी पोळ्या करणारी मैत्रीण मावळातल्या खेड्यातली. ती दोन मिनिटं नुसती बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘अगं, ह्या दळतायत.’

सासूबाईंचं माहेर मुळशीतलं. पंधराव्या वर्षी लग्न झालं, आणि गावात पिठाची गिरणी येईपर्यंत रोज पहाटे जातं. हे मला ऐकून माहीत होतं, पण बघितलं कुणी होतं? मैत्रीण त्यांच्या समोर जमिनीवर बसली. जात्याशी दोघी समोरासमोर बसतात आणि खुंटा दोघींनी मिळून धरायचा असतो. तिने आपली मूठ त्यांच्या मुठीखाली लावली, त्यांच्या हाताबरोबर आपला हात फिरू दिला आणि एक ओवी लावली. अगदी हळू, हाताच्या फेऱ्याला धरून. पहिली ओळ म्हणून ती थांबली. मला वाटलं, विसरली. ती विसरली नव्हती, तिने जागा सोडली होती. दोन फेरे गेले, तीन फेरे गेले, आणि सासूबाईंनी दुसरी ओळ उचलली. तीन वर्षांत ज्यांच्या तोंडून मी अख्खं वाक्य ऐकलं नव्हतं, त्या एकामागून एक ओव्या म्हणत राहिल्या. आवाज फाटका होता, पण गळा म्हणजे चाल पक्की. मधेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘धाकले, घास घाल की.’ मी त्यांना त्यांची धाकटी जाऊ वाटले होते. मी रिकामी मूठ उघडून जात्याच्या तोंडात धान्य सोडल्यासारखं केलं.

आणि त्या काय गात होत्या? सासुरवास. सासूने उपाशी ठेवल्याचं, माहेरची वाट अडवल्याचं, नवरा बघून न बघितल्यासारखं करतो त्याचं. मैत्रिणींनो, मी त्यांच्याबद्दल आपल्या शिबिरांतून जे जे बोलले होते, ते सगळं त्या गात होत्या. मी माइकवर बोलत होते आणि त्यांनी ते फक्त दगडाला सांगितलं होतं. मला त्या वेळी माफ करावंसं वगैरे वाटलं नाही, खोटं कशाला सांगू? पण मी तिथून लवकर उठले नाही.

ती हात फिरवण्याची गोष्ट आम्ही डॉक्टरांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि गोळी चालू ठेवली. काही महिन्यांनी दुसरे डॉक्टर आले, त्यांनी ती कमी केली. गाण्यामुळे कमी झाली असा दावा मी करणार नाही. एवढंच म्हणेन, की जो हात सगळ्यांना झटका वाटत होता, तो काम करत होता, आणि हे ओळखायला तिथे दळलेली बाई समोर यावी लागली.

आता इथे मी एक चूक केली, ती सांगते, कारण त्या चुकीतूनच मला आजचा विषय कळला. हेमा राईरकर आणि गी पॉईतवॅं या दोघांनी १९८० नंतरच्या काळात मुळशी-मावळच्या डोंगरी भागातून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ते काम पुढे इतकं वाढलं, की आज हजारावर गावांतल्या तीन हजारांहून जास्त बायकांच्या लाखभर ओव्या त्यात आहेत, आणि २०१७ पासून त्या सर्वांना वाचायला-ऐकायला खुल्या झाल्या आहेत. मी हरखून गेले. म्हटलं, आता गुरुवारची वाट कशाला बघायची, रोज ऐकवू. फोनवर ओव्या लावून सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी मिनिटभर ऐकलं, मग फोन दूर सारला. पुन्हा लावला, पुन्हा सारला. म्हणाल्या, ‘ती थांबतच नाही.’

बस, एवढंच आहे. फोनमधली बाई थांबत नाही. ती उत्तम गाते, खऱ्या गळ्यात गाते, पण समोरच्या म्हातारीला दुसरी ओळ आठवायला तीन फेरे लागतात की तेरा, हे तिला दिसत नाही. समोर बसलेली बाई थांबते. श्वास बघते, ओठ हलले का बघते, सूर खाली आला तर आपणही खाली येते. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००६ साली मध्यम आणि तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या ३२ जणांना समोर बसून गायलेलं गाणं, रेकॉर्ड केलेलं गाणं आणि नुसती शांतता अशा तिन्ही गोष्टी देऊन पाहिलं. समोरच्या गाण्याला त्यांच्यातले बहुसंख्य लोक प्रतिसाद देत होते. रेकॉर्डला तसं घडलं नाही. अभ्यास छोटा आहे, पण आमच्या हॉलमध्ये आम्हाला तेच दिसलं.

२०२० च्या टाळेबंदीत तर आमची परीक्षाच झाली. आश्रमात बाहेरच्यांना बंदी. मग व्हिडिओ कॉलवरून गायचं ठरवलं. तिथल्या मावशी फोन धरून उभ्या राहायच्या. पण फोनवरून आवाज क्षणभर उशिरा पोचतो. आम्ही एक ओळ म्हणायचो, तिथल्या आज्या ती धरायला जायच्या, तोवर आमची पुढची ओळ त्यांच्यावर येऊन आदळायची. बरोबर गाता येईना. एक आजी फोनच्या मागे वाकून बघायच्या, आम्ही कुठे बसलोय ते. दोन महिन्यांनी आम्ही ते थांबवलं आणि नुसतं ‘कशा आहात’ विचारायला फोन करू लागलो.

आपल्याकडे लगेच विचारतात, ‘शास्त्रीय पुरावा काय?’ विचारावंच. २०१५ साली जर्मनीत लायपझिगच्या संशोधकांनी दाखवलं, की ओळखीच्या गाण्यांची आठवण मेंदूच्या ज्या भागांशी जोडलेली असते, त्यांची झीज अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानाने कमी होते. म्हणून नाव जातं, नातं जातं आणि चाल राहते. स्मृतिभ्रंश आणि संगीत यांवरचे ३० प्रयोग एकत्र तपासून कॉक्रेन या संस्थेने २०२५ साली काढलेला निष्कर्ष असा, की अशा संगीतोपचाराने उदासी बहुधा कमी होते, वागण्यातल्या अडचणीही कमी होत असाव्यात. पण उपचार थांबल्यावर फायदा टिकतो की नाही, हे नक्की नाही. मला हे प्रामाणिक वाटतं. गाण्याने आजार बरा होतो असं कुणी तुम्हाला सांगून पैसे मागितले, तर देऊ नका. हे नुसतं म्हाताऱ्यांपुरतंही नाही. अमेरिकेत ११ रुग्णालयांतल्या २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. आई-वडिलांनी निवडलेली अंगाई काचेच्या पेटीजवळ हळू आवाजात प्रत्यक्ष गायली, तेव्हा बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांवर, दूध ओढण्यावर चांगला परिणाम दिसला, आणि आई-वडिलांची धास्तीही कमी झाली. आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल! १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात तिने लिहून ठेवलंय, की अखंड सूर देणारी वाद्यं आणि माणसाचा आवाज आजाऱ्याला मानवतात, तुटक वाजणारा पियानो उलटा त्रास देतो. ते वाचल्यावर मी आमची ढोलकी हळू केली.

आता प्रत्यक्ष काय करतो ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी सुरू केलं तर आमच्या चुका पुन्हा करू नका.

माइक न्यायचा नाही. कानात यंत्र असलेल्यांना माइकचा आवाज टोचतो. रांगेतल्या खुर्च्या आधी गोल करायच्या, त्यालाच पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्यायची. टीव्ही बंद करण्याआधी विचारायचं. एक काका क्रिकेट बघत असतात, त्यांचा टीव्ही आम्ही त्यांच्यासकट कोपऱ्यातल्या खोलीत नेतो. गाणं नको म्हणण्याचाही हक्क आहे ना माणसाला! पट्टी खाली घ्यायची. बाईची पट्टी काळी चार म्हणून आमच्या शिक्षिकाबाईंनी पहिल्या दिवशी तिथून सुरू केलं, आणि कुणाचाच आवाज पोचेना. सत्तरी-पंचाहत्तरीनंतर बाईचा आवाज उतरतो. काळी एकवर आणल्यावर हॉल गायला लागला. एकच गाणं तीनदा-चारदा म्हणायचं. कार्यक्रमाची यादी करून नेली, तर ती पर्समध्येच ठेवायची.

आणि भजनंच हवीत, हा समज सोडायचा. म्हातारी माणसं म्हणजे अभंग, हे कुणी ठरवलं? आज ऐंशीची असलेली बाई १९६० च्या सुमारास सोळा-सतरा वर्षांची होती. तिच्या कानात बिनाका गीतमाला आहे, पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये लागणारं गीतरामायण आहे, तमाशाचे फड आहेत. एका आजींनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते लावणीला, आणि अशी काही नजर टाकली, की आमची बँकवाली लाजली. त्यांच्या मुलीला कळल्यावर तिने तक्रार केली, ‘आमची आई असलं गात नव्हती.’ आम्ही म्हटलं, तुमच्यासमोर गात नसतील.

एक आजी मात्र आम्ही गायला लागलो की उठून व्हरांड्यात जायच्या. चार महिने आम्हाला वाटलं, त्यांना आवाज सहन होत नाही. शेवटी शिक्षिकाबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या, तेव्हा म्हणाल्या, ‘तुमची देवाची गाणी आमच्या घरात नव्हती, बाई.’ त्या बौद्ध होत्या. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या आम्ही चौघी, आणि चार महिने एकीलाही सुचलं नव्हतं! माजलगावच्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्याच लाखभर ओव्यांत आहेत. मी त्या ऐकून, चाल घोकून गेले. आजींनी माझी चाल लगेच सुधारली आणि मग स्वतःची भीमगीतं सुरू केली. त्या दिवशी दोघीजणी उठून गेल्या. कुठल्या दोघी, ते सांगायला नको. आता दर वेळी सुरुवात त्या आजी करतात. उठून गेलेल्यांपैकी एक परत येऊन बसू लागल्या, एक नाही आल्या.

आता वाकडं बोलते. दोन-तीन वर्षं झाल्यावर आश्रमाचं नवीन माहितीपत्रक निघालं. त्यात आमचा फोटो आणि खाली ‘संगीत उपचाराची सोय’. त्याच वर्षी महिन्याचे पैसे वाढले, आणि रात्रपाळीच्या दोन मावशींतली एक कमी झाली. अठ्ठावीस माणसांना रात्री एक मावशी. लघवीला नेण्यासाठी अर्धा अर्धा तास हाका मारायच्या, आणि गुरुवारी मात्र ‘उपचार’! आम्ही व्यवस्थापकांना भेटलो. ते म्हणाले, ‘ताई, तुमच्यामुळे पेशंट शांत राहतात, म्हणून तर स्टाफ कमी लागतो.’ ते वाक्य ऐकून मी सुन्न झाले. आम्ही गाणं बंद करायचं का, यावर आमच्यात दोन गट पडले. बँकवाली म्हणाली बंद, पोळ्यावाली म्हणाली, ‘त्यांच्या चुकीची शिक्षा म्हाताऱ्यांना का?’ शेवटी नातेवाइकांना गाठून सह्या घेतल्या. माहितीपत्रकातून फोटो काढायला लावला. दुसरी मावशी परत यायला पाच महिने लागले.

आणि मावशींबद्दल सांगायचं राहिलंच. बारा बारा तास उभं राहणाऱ्या या बायकांनी गाण्यात बसलेलं सुरुवातीला चालायचं नाही, ‘काम सोडून बसल्या’ म्हणून बोलणी बसायची. आम्ही अट घातली, पाऊण तास त्याही बसतील. त्यांतल्या एकीने हळूहळू सासूबाईंना अंघोळ घालतानाच ओवी म्हणायला सुरुवात केली. त्याआधी अंघोळ म्हणजे रोजचं युद्ध, ओरबाडणं, चावणं. ओवी चालू असली की सासूबाई हात वर करायच्या, पाठ द्यायच्या. स्वीडनमध्येही सकाळच्या कामांच्या वेळी गाणाऱ्या परिचारिकांना असाच अनुभव आल्याचं नंतर वाचलं. आमच्या मावशींनी काही वाचलं नव्हतं. आमचं जाणं पंधरा दिवसांनी एकदा, त्यांचं रोज. खरं गाणं त्यांनीच तिथे नेलं, आणि त्याचा जादा पैसा त्यांना एक रुपयाही मिळत नाही.

सासूबाई २०२२ मध्ये गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी मला सून म्हणून ओळखलं नाही. मी धाकटी जाऊच राहिले. शेवटच्या दोन महिन्यांत शब्द गेले होते, हातही फिरत नव्हता. मी त्यांची मूठ धरून फिरवायची आणि त्या हुंकार द्यायच्या, बरोबर ओळ संपते तिथे.

आम्ही अजून जातो. पण शिक्षिकाबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना पायऱ्या चढवत नाहीत, आणि ढोलकी त्याच वाजवायच्या. ढोलकी आमच्याकडे आहे, वाजवणारी पाहिजे. फार येत नसेल तरी चालेल, हळू वाजवता आली पाहिजे. पुढचा गुरुवार आमचा आहे. पावणेचारला पोचायचं, खुर्च्या हलवायच्या असतात. चहा तिथे मिळतो, साखर जरा जास्त असते.